पट्टाया ते कोह लान: तीस बाटची लाँच कशी पकडायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरात पाच जणांचं कुटुंब चार रात्री थायलंडमधल्या पट्टायात राहणार आहे: नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा, बहात्तरीचे वडील आणि गुडघ्यांचा त्रास असलेली आई. एजंट ‘कोरल आयलंड टूर’चे माणशी अठराशे रुपये सांगतोय, त्यात स्पीडबोट आणि इंडियन लंच. त्याऐवजी सार्वजनिक बोटीने आपलं आपण जाता येईल का, म्हाताऱ्या माणसांना झेपेल का, आणि बेटावर एक रात्र राहावं का?

जाता येतं, आणि अगदी सहज. मी तर म्हणेन, आईवडील बरोबर आहेत म्हणूनच स्पीडबोट सोडा आणि लाँचने, म्हणजे त्या सार्वजनिक बोटीने, जा. गेली कित्येक वर्षं मी मराठी मंडळींचे ग्रुप थायलंडला नेतो. टूर मॅनेजर म्हणून स्पीडबोटीत लोकांना बसवून देण्याचं काम मी पुष्कळ केलंय. घरची माणसं घेऊन गेलो तेव्हा मात्र लाँचच पकडली.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्या टूरवाल्यांच्या पत्रकातलं ‘कोरल आयलंड’ आणि नकाशावरचं ‘कोह लान’ हे एकच बेट. पट्टायाच्या किनाऱ्यापासून साधारण साडेसात किलोमीटरवर आहे आणि कारभाराच्या दृष्टीने ते पट्टाया शहराचाच भाग आहे. बेटाच्या पूर्व बाजूला, म्हणजे पट्टायाकडे तोंड करून, नाबान नावाचं गाव आहे. तिथे बेटावरची माणसं राहतात. पोहण्याचे मोठे किनारे बहुतेक पलीकडच्या बाजूला आहेत. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

लाँचचं भाडं तीस बाटच (बाट हे थायलंडचं चलन) का, असा संशय सगळ्यांना येतो. काहीतरी मोडकी होडी असणार, असं वाटतं. तसं नाही. ती मुळात पर्यटकांसाठी सुरू झालेली सेवा नव्हेच. बेटावरच्या लोकांची रोजची ये-जा आणि मालवाहतूक तिच्यावर चालते. नाबानच्या लाँचवर सकाळी गेलात तर दिसेल: पुढच्या भागात बर्फाची पोती, भाजीचे क्रेट, पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे, गॅसचे सिलिंडर, आणि त्यांच्यात पाय ठेवायला जागा शोधत चढणाऱ्या, डोक्यावर टोपी घातलेल्या थाई बायका. लाँच दोन-तीन मजली, लाकडी बाकांची, संथ चालणारी. पलीकडे पोचायला पाऊण तास लागतो. एक बाट पावणेतीन रुपये धरला, तर एका बाजूचे साधारण ऐंशी रुपये.

आता एजंटाच्या टूरबद्दल. अठराशे रुपयांत तो तुम्हाला लुबाडतोय असं मी म्हणणार नाही. ग्रुपला गाडी, बोट, जेवण एकाच माणसाकडून मिळतं, त्याची किंमत असते. पण त्या टूरची खरी कमाई तिकिटात नाही. स्पीडबोट सरळ बेटावर जात नाही. वाटेत समुद्रात एक मोठा तरंगता फलाट येतो, तिथे पॅरासेलिंग असतं. मग काही बोटी समुद्रतळावर चालण्याच्या, म्हणजे ‘सी वॉक’च्या, बोटीपाशी नेऊन लावतात. ज्यांना काही करायचं नाही त्यांनी त्या फलाटावर उन्हात, डिझेलच्या वासात, बाकीच्यांचं आटोपेपर्यंत बसायचं. तुमच्या आईवडिलांचा सकाळचा उत्तम वेळ तिथे जाणार. शिवाय स्पीडबोट लाटांवर आपटत जाते. पुढच्या बाजूला बसलेल्याच्या कमरेला आणि मणक्याला त्याचे दणके बसतात. वय झालेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि पाठीचं दुखणं असलेल्यांनी त्या वाटेला जाऊच नये. उतरताना कित्येकदा बोट वाळूत लावून गुडघाभर पाण्यात उतरायला सांगतात. लहान शिडीवरून, हलत्या बोटीतून, पायाखाली काय आहे ते दिसत नसताना. गुडघेदुखीवाल्या माणसाला हे जड जातं. लाँच धक्क्याला लागते, माणूस धक्क्यावर पाऊल ठेवतो, संपलं.

मुख्य निर्णय एकच आहे आणि तो हॉटेलात चहा पिताना घ्यायचा, धक्क्यावर नाही: नाबानची लाँच की तावेनची?

दोन्ही एकाच धक्क्यावरून सुटतात, दोन्हींचं भाडं तेच. तावेन हा बेटावरचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात गजबजलेला किनारा. तिथली लाँच थेट किनाऱ्याच्या टोकाच्या धक्क्याला लागते. उतरलात की चालत खुर्च्यांपर्यंत. नाबानची लाँच गावात उतरवते. तिथून कुठल्याही किनाऱ्यावर जायला टेकडी ओलांडून गाडी करावी लागते. तावेनच्या लाँचा मोजक्याच, त्याही सकाळी आणि दुपारी लवकर. नाबानच्या दिवसभर असतात.

बरीच वर्षं वेळा साधारण अशाच आहेत. पट्टायाहून तावेनसाठी सकाळी 8, 9, 11 आणि दुपारी 1. नाबानसाठी सकाळी 7, मग 10, 12, दुपारी 2, साडेतीन, 5 आणि शेवटची संध्याकाळी साडेसहा. परत येताना तावेनहून दुपारी 1 पासून तासातासाला 5 पर्यंत, आणि नाबानहून शेवटची संध्याकाळी 6. सुट्टीच्या दिवशी गर्दी पाहून जादा लाँचाही सोडतात, हंगामानुसार वेळ थोडी सरकते. त्यामुळे आदल्या दिवशी संध्याकाळी फिरायला निघाल तेव्हा धक्क्यावर जाऊन तिथला फलक मोबाइलमध्ये टिपून घ्या. धक्का बघूनही होतो, आणि दुसऱ्या दिवशी आईवडिलांना घेऊन शोधाशोध करावी लागत नाही.

तुमच्यासाठी माझं मत: जाताना तावेनची 9 ची लाँच, येताना तावेनचीच 3 किंवा 4 ची. 8 ची आणखी बरी, पण ज्येष्ठांचं आवरणं, हॉटेलचा नाश्ता हे धरता 9 ची तुमच्या हातात राहील.

धक्क्याचं नाव बाली हाय. पट्टायाच्या दक्षिण टोकाला, वॉकिंग स्ट्रीट, म्हणजे रात्रीच्या बारची गल्ली, संपते तिथे. खूण सांगतो: टेकडीवर ‘पट्टाया सिटी’ अशी मोठी इंग्रजी अक्षरं दिसतात, त्या टेकडीच्या पायथ्याशी. जवळच एक अर्धवट बांधून सोडून दिलेला उंचच उंच टॉवर आहे. 2014 मध्ये त्याचं काम थांबवलं गेलं. तो लांबूनही दिसतो, रस्ता चुकायला नको.

तिथवर जायचं कसं? पट्टायात निळ्या रंगाच्या, मागे दोन समोरासमोर बाकडी असलेल्या पिकअप गाड्या फिरतात. नाव सोंगथाव, काही जण ‘बाट बस’ म्हणतात, आणि आपले लोक सरसकट टुकटुक म्हणतात. पद्धत आपल्या वडापचीच. ठरलेल्या रस्त्यावरून गाडी फिरत राहते, हात केला की थांबते, मागून चढायचं, उतरायचं तिथे छताला असलेलं बटण दाबायचं, आणि खाली उतरून ड्रायव्हरच्या खिडकीशी पैसे द्यायचे. जवळच्या अंतराला माणशी 10 बाट, जरा लांब असेल तर 20.

इथे एक खोच आहे आणि तिच्यात आपली माणसं हमखास अडकतात. चढण्याआधी ‘हाऊ मच?’ विचारू नका. विचारलंत की ती शेअरची गाडी राहत नाही, खास तुमच्यासाठी केलेली गाडी होते, आणि दहा बाटचे दोन-तीनशे होतात. ‘बाली हाय?’ एवढंही विचारू नका. ज्या गाडीत आधीच दोन-चार माणसं बसलीत ती थांबवा, मुकाट्याने बसा, उतरल्यावर मोजून सुटे पैसे द्या. पाच जणांचे पन्नास बाट हातात नाणी आणि वीसच्या नोटांत तयार ठेवा. हजाराची नोट काढलीत तर ड्रायव्हरही वैतागेल आणि तुम्हीही.

बीच रोड एकेरी आहे, उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे धक्क्याच्याच दिशेने. त्याला समांतर सेकंड रोड, तो उलट, दक्षिणेकडून उत्तरेकडे. जाताना बीच रोडवर दुकानांच्या बाजूला उभे राहा, कारण थायलंडमध्येही वाहनं डावीकडून चालतात. येताना सेकंड रोडवर जाऊन गाडी पकडा. हॉटेल या दोन रस्त्यांच्या मधल्या कुठल्याही गल्लीत असलं तरी दोन्हीकडे चालत जाता येतं. बहुतेक टुकटुक वॉकिंग स्ट्रीटच्या कमानीपाशी डावीकडे वळतात. तिथे उतरायचं आणि वॉकिंग स्ट्रीटमधून सरळ दहा-बारा मिनिटं चालायचं.

आईवडिलांना घेऊन वॉकिंग स्ट्रीटमधून? हा प्रश्न मला ग्रुपमधले लोक कानात विचारतात. सकाळी साडेआठला तिथे काहीही नसतं. शटर खाली, रात्रीच्या पाट्या विझलेल्या, कचऱ्याची गाडी, नळीने फुटपाथ धुणारी माणसं, शिळ्या बिअरचा वास, आणि सावलीत पसरलेली मांजरं. तुमच्या वडिलांना तो एखादा बंद असलेला बाजारच वाटेल. तरीही आईंना एवढं चालवायचं नसेल तर मोबाइलवरून बोल्ट किंवा ग्रॅबची गाडी बोलवा आणि थेट बाली हायला उतरा. पाच जणांसाठी मोठी गाडी निवडा. खर्च थोडा वाढतो, पण या प्रवासात पैसे घालायचेच असतील तर ते इथे घाला, स्पीडबोटीत नको.

धक्क्याच्या आवारात शिरलात की खरी परीक्षा. लाँचचं तिकीट काढणं अवघड नाही. तिकीट खिडकीपर्यंत पोचणं अवघड आहे. आवारात पाय टाकताच टेबलं मांडून बसलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं दिसतात. ती ‘कोह लान? कोरल आयलंड? कम कम’ करत अडवतात. मोडकं हिंदीही बोलतात, ‘भैया, फेरी गया’, ‘फेरी बंद’, ‘नेक्स्ट फेरी टू आवर’. गणवेशासारखा शर्ट असल्यामुळे अधिकृत माणूस वाटतो. ही सगळी स्पीडबोटीची मंडळी आहेत. एकदा माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला अशाच टेबलावर तिकिटं फाडून दिली. त्यांना ती लाँचचीच वाटली, आणि प्रत्यक्षात माणशी अडीचशे बाटची शेअर स्पीडबोट निघाली. पैसे परत मिळत नाहीत.

उपाय सोपा. कुणाशी बोलायला थांबू नका, चालत राहा, मुख्य धक्क्यावर समुद्राच्या दिशेने थेट टोकाकडे जा. मोठ्या लाकडी लाँचा तिथेच लागलेल्या दिसतील. त्यांच्याजवळच तिकीट देतात. तिकीटवाल्याला फक्त ‘तावेन’ म्हणा आणि पाच बोटं दाखवा. दीडशे बाटपेक्षा जास्त मागितले तर तुम्ही चुकीच्या खिडकीशी आहात. लाँचमध्ये चढण्यापूर्वी खलाशाला पुन्हा एकदा ‘तावेन?’ विचारून घ्या, कारण दोन्हीकडच्या लाँचा शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि दिसायला सारख्याच. परतीचं तिकीट इथे काढायचं नसतं. ते बेटावरून निघताना तिथेच मिळतं. सुटण्याच्या अर्धा तास आधी पोचा. शनिवार-रविवार असेल तर पाऊण तास, कारण बँकॉकची मंडळी शनिवारी सकाळी झुंडीने येतात. तुमच्याकडे चार दिवस आहेत, तर बेट मंगळवार-बुधवारकडे ढकला. पाच डिसेंबर आणि दहा डिसेंबर या तिकडच्या सरकारी सुट्ट्या. त्या दिवसांना आणि वर्षअखेरच्या आठवड्यालाही वगळा.

लाँचवर चढताना धक्का आणि लाँच यांच्यात वीतभर ते हातभर फट असते आणि लाँच वरखाली होत असते. भरती-ओहोटीप्रमाणे कधी पायरी चढून जावं लागतं, कधी उतरून. खलाशी दोन्ही बाजूंना उभे असतात आणि म्हाताऱ्या माणसाचा दंड न सांगता धरतात. आईंना सांगा, घाई करू नका, मागचे थांबतात. लाँच वर आली की पाऊल टाकायचं. हात मोकळे हवेत, म्हणून त्यांच्याकडे पिशवी देऊ नका. चप्पल मागे पट्टा असलेली हवी. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, एवढं सांगायचं धाडस मी करतो. ऐकायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

कुठे बसायचं? मुलाला वरच्या मजल्यावर जायचं असेल, आणि वारा, नजारा तिथेच आहे. पण ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावर, मधोमध बसावं. तिथे डोलणं सगळ्यात कमी. अगदी मागे इंजिनाचा आवाज आणि धूर असतो, तो टाळा. नजर हातातल्या फोनवर नको, लांबच्या किनाऱ्यावर ठेवायची. डिसेंबरात समुद्र बहुधा शांत असतो, त्यामुळे गोळीची गरज पडत नाही. पण कुणाला बस लागण्याचाही त्रास असेल तर नेहमीची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास द्या. वडिलांना रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारून.

लाइफ जॅकेट लाँचवर असतात, पण तुमच्या हातात कुणी आणून देत नाही. बसल्याबसल्या ती कुठे ठेवली आहेत ते बघून ठेवा आणि मुलाच्या मापाचं एक काढून घ्या. थाई लोक घालत नाहीत म्हणून तुम्ही लाजू नका. नोव्हेंबर 2013 मध्ये याच मार्गावर बेटावरून परतणारी, खच्चून भरलेली लाँच बुडाली होती आणि त्यात माणसं दगावली. संध्याकाळच्या परतीच्या लाँचवर उभं राहायलाही जागा नसेल तर चढू नका, पुढची घ्या. हे जमावं म्हणूनच मी तुम्हाला शेवटच्या लाँचवर अवलंबून राहू नका म्हणतोय.

तावेनला उतरलात की किनाऱ्यालगत खाण्याच्या टपऱ्या, कपड्यांची दुकानं आणि रांगेने छत्र्या-खुर्च्या. खुर्चीचे माणशी पन्नास ते शंभर बाट, दिवसभरासाठी. धक्क्याच्या जवळच्या खुर्च्या घेऊ नका, तिथे स्पीडबोटींचा धुमाकूळ असतो. किनाऱ्याने पाच-सात मिनिटं पुढे चाला. पोहण्यासाठी दोऱ्या आणि तरंगे लावून आखलेला भाग असतो, मुलाने त्याच्या आतच राहायचं. संडासाला आणि गोड्या पाण्याच्या आंघोळीला वेगळे पैसे पडतात, सुटे जवळ ठेवा. साडेदहा ते दोन ही टूरवाल्यांची वेळ, तेव्हा तावेन अक्षरशः जत्रा असते. नऊच्या लाँचने गेल्याचा फायदा हा की पहिला तासभर पाणी तुमचं असतं.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही. भारतीय ग्रुप रोज येतात म्हणून तावेनवरच्या काही हॉटेलांत डाळ-भात, रोटी, भाजी मिळते, चव यथातथा. थाई टपरीवर ‘फ्राइड राइस, व्हेज’ एवढं सांगून भागत नाही. तिथे अंडं हे शाकाहारीच, आणि माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, तर मिठासारखं पडतं. ‘किन जे’ म्हणा, म्हणजे मांस, मासे, अंडं काहीच नको हे कळतं. मोबाइलवर थाईत लिहून दाखवलंत तर आणखी बरं. मी घरचे ठेपले आणि लोणच्याची बाटली नेतो, आणि तिथे आंबा-चिकट भात व शहाळं घेतो. या जेवणाबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

तावेनची गर्दी नकोशी झाली तर सामे किनारा आहे, बेटाच्या नैर्ऋत्येला. वाळू तितकीच पांढरी, लोक कमी, थाई जास्त. तावेनहून किंवा नाबानहून तिथे शेअरची सोंगथाव किंवा मोटारसायकल टॅक्सी जाते, माणशी वीस-चाळीस बाट. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. तुम्ही पाच जण आहात, अर्धी गाडी तुमचीच. तियेन आणि नुआन हे किनारेही चांगले, पण मी ज्येष्ठांना घेऊन एका दिवसात दोनपेक्षा जास्त किनारे करत नाही. नुआनजवळ माकडं आहेत, हातात खाऊचा पुडा दिसला की झडप घालतात. मुलाला गंमत, आजीला नाही.

स्कूटर भाड्याने घेऊ नका. दोन-तीनशे बाटमध्ये दिवसभर मिळते आणि कुणी परवाना विचारत नाही, त्यामुळे मोह होतो. बेटावरचे रस्ते अरुंद, काँक्रीटचे, सरळ चढ आणि सरळ उतार, वळणावर वाळू. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना, आणि तोही दुचाकीसह, तुमच्याकडे नसेल तर अपघात झाल्यावर प्रवास विमा हात वर करतो. शिवाय मालक पासपोर्ट ठेवून घ्यायला बघतो. पासपोर्ट कुणालाही द्यायचा नाही, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जवळ त्याची प्रत बाळगा.

जेट स्कीचंही तसंच. मुलगा हट्ट करेल. तासाभराची मजा झाल्यावर जुनाच ओरखडा दाखवून हजारो बाट मागण्याचे प्रकार पट्टायाच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं होत आलेत. घ्यायचीच असेल तर आधी चारी बाजूंनी, खालूनसुद्धा, मालकाच्या देखत व्हिडिओ काढा. वाद झालाच तर 1155 हा पर्यटक पोलिसांचा नंबर आहे, तिथे इंग्रजी चालतं. त्यापेक्षा मुलाला पाण्यावर तरंगायची रबरी ट्यूब भाड्याने घेऊन द्या.

परतताना तीनच्या लाँचसाठी अडीचला धक्क्यावर या. तावेनची शेवटची पाचची चुकली तरी घाबरू नका: गाडी करून टेकडीपलीकडे नाबानला जा, तिथून सहाची मिळते. तीही गेली तर मग स्पीडबोटवाला सांगेल ती किंमत, नाहीतर मुक्काम. अचानक ढग दाटून वारा सुटला तर लाँचा वेळेआधी किंवा एकत्र करून सोडतात, तेव्हा आकाश बिघडताना दिसलं की खुर्चीतून उठायचं. डिसेंबरात ही वेळ क्वचित येते. मे ते ऑक्टोबर मात्र नैर्ऋत्येचा वारा असतो, आणि तावेन, सामे त्याच्या तोंडावर येतात. कुणी जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असेल तर हे उत्तर त्याला जसंच्या तसं लागू नाही.

हिशोब: टुकटुक जाऊन-येऊन माणशी वीस ते चाळीस बाट, लाँच साठ बाट, म्हणजे प्रवासाचे शंभरच्या आतले. पाच जणांचे पाचशे, आपले तेरा-चौदाशे रुपये. एजंटाचे नऊ हजार होतात. त्याच्या जेवणाचे वेगळे धरले आणि खुर्च्या, सरबतं, गाडी यांवर सैल हाताने खर्च केला, तरी निम्मे उरतात.

राहिला मुक्कामाचा प्रश्न. चार रात्रींत एक रात्र बेटावर काढण्याइतकं तिथे संध्याकाळी काही नाही, आणि मला तेच आवडतं. पाचनंतर टूरवाले गेले की किनारे रिकामे होतात, नाबानच्या गल्ल्यांत गावातली माणसं बाहेर येऊन बसतात, सकाळी सातला सामेला पाण्यात तुम्ही एकटेच असता. पण पट्टायातलं हॉटेल चारही रात्रींचं भरलेलं असेल तर एक रात्र दुहेरी भाडं पडेल. नाबानमधल्या खोल्या बऱ्याचदा जिन्याने वर असतात आणि लिफ्ट नसते. आईंसाठी तळमजल्याची खोली आहे का हे बुकिंग करण्याआधीच विचारा. त्या बेतात जाताना दुपारची नाबानची लाँच घ्या, तावेनची नको. सामान एका लहान बॅगेत.

बेटावर राहायचंच ठरवून निघणार असाल तर कोह सामेत या दुसऱ्या बेटाचाही विचार करा. ते पट्टायापासून लांब, रायोंग प्रांतात. पट्टायाहून व्हॅनने तास-दीड तासात बान फे गावी, तिथून लाँचने अर्धा-पाऊण तास. राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे परदेशी प्रौढाला 200 बाट प्रवेश शुल्क पडतं. पाणी कोह लानपेक्षा स्वच्छ, गर्दी विरळ. पण तिथे एका दिवसात जाऊन येणं म्हणजे नुसती पळापळ. किमान दोन रात्री हव्यात. म्हणजे तुमच्या चार रात्री पट्टायात दोन आणि कोह सामेतला दोन अशा तोडाव्या लागतील, आणि हॉटेलचं बुकिंग अजून फुकट रद्द होत असेल तरच त्या फंदात पडा.